काळ्या पाण्यावर सात दिवस

पौष महिन्यात लखनौवर धुके उतरले म्हणजे दिवस उजाडला की नाही, हेच कळेनासे होते. छावणीच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या सडकेवर आमची तेलीबाग ही वस्ती आहे. तेथे या दिवसांत सकाळी कितीतरी वेळ समोरच्या घराचे दारही दिसत नाही. थंडीमुळे शाळांना सुटी मिळते, मुले पांघरुणात बसून कंटाळतात आणि मग घरोघरी एकच प्रश्न निघतो : कोठे तरी उबेला जावे, पण कोठे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर मुलांनीच दिले. दोघांचा जन्म येथलाच. गोमतीपेक्षा मोठे पाणी त्यांनी पाहिलेले नव्हते. त्यांना समुद्र हवा होता, आणि तोही चहूबाजूंनी. "आई, बेटावर जाऊ या," असे धाकटीने म्हणताच यजमानांनी अंदमानचे नाव काढले. वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकलेले पैसे होते, त्यामुळे बेत अशक्य नव्हता. परंतु सासूबाई एकदम गप्प झाल्या.

सासूबाई मालवणच्या. समुद्राच्या आवाजात वाढलेल्या. मुलांपेक्षा त्यांनाच अधिक आनंद व्हावा, अशी माझी अपेक्षा होती. रात्री जेवणे आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "सूनबाई, आमच्या लहानपणी वडील संध्याकाळी ओटीवर बसून सावरकरांच्या जन्मठेपेची हकीकत वाचीत. कोलूचे वर्णन आले की आई उठून आत जाई. जेथे त्या माणसांनी बैलाच्या जागी जुंपून घेऊन तेल गाळले, तेथे आपण नारळपाणी प्यायला जायचे का गं?"

या प्रश्नाला मजजवळ त्या रात्री उत्तर नव्हते. परंतु प्रवासाची सारी आखणी पुढे या प्रश्नाभोवतीच झाली, आणि आज वाचकांस जे सांगावयाचे आहे तेही त्यातूनच आलेले आहे. बेटावर काय पाहावे, याची यादी कोणीही देईल. ते कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय पाहू नये, हे ठरविणे अधिक अगत्याचे आहे, असे मला वाटते.

प्रथम व्यवहाराच्या गोष्टी. अंदमान आणि निकोबार मिळून लहानमोठी पाचशेहून अधिक बेटे आहेत. पण मनुष्यवस्ती सुमारे तीस बेटांवरच आहे. कोलकाता किंवा चेन्नई येथून समुद्रमार्गे हे अंतर अदमासे १२०० किलोमीटर भरते. जहाजाने तीन-चार दिवस लागतात. विमानाने दोन-सव्वादोन तास पुरतात. लखनौसारख्या शहरातून निघणाऱ्यांनी एक खबरदारी अवश्य घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत उत्तर हिंदुस्थानातील धुक्यामुळे गाड्या आणि विमाने दोन्ही रखडतात. म्हणून कोलकात्यास एक मुक्काम मोकळा ठेवावा. पुढचे विमान चुकण्याच्या धास्तीने प्रवासाची गोडी जाते. अंदमानात नैऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस पडतात. सर्वसाधारणपणे मेपासून नोव्हेंबरपर्यंत आभाळाचा भरवसा नसतो. डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंतचे दिवस कुटुंबाला सोयीचे.

नावांचा घोटाळा होऊ नये म्हणून तेही सांगून ठेवते. राजधानीचे पोर्ट ब्लेअर हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये बदलून 'श्री विजयपुरम' करण्यात आले. त्यापूर्वी ३० डिसेंबर २०१८ रोजी रॉस बेट हे 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप', हॅवलॉक हे 'स्वराज द्वीप' आणि नील हे 'शहीद द्वीप' झाले. हा दिवसही मुद्दाम निवडलेला होता. बरोबर ७५ वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी या भूमीवर तिरंगा फडकविला होता. तिकिटे आणि जुने नकाशे पाहताना दोन्ही नावे ध्यानात असलेली बरी.

आता पहिल्या दिवसाविषयी. विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे. तेथे उतरल्यावर मुलांनी अर्थातच समुद्राचा हट्ट धरला. परंतु आम्ही आधी सेल्युलर तुरुंग पाहावा असे ठरविले होते, आणि हा क्रम मी सर्वांस सुचवीन. तुरुंग शेवटच्या दिवसासाठी ठेवला तर तो घाईत उरकला जातो. पहिल्या दिवशी पाहिला तर पुढचे सहा दिवस मनुष्य त्या बेटावर निराळ्या पायांनी चालतो.

तुरुंगाचे बांधकाम १८९६ साली सुरू होऊन १९०६ साली पुरे झाले. मध्ये एक मनोरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या तीन मजली सात चाळी, अशी त्याची रचना होती. एका चाळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे केलेले होते, जेणेकरून एका कोठडीतील बंद्यास दुसऱ्याचा चेहरा दिसू नये. कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद; उजेडासाठी उंचावर एक झरोका. अशा सहाशेहून अधिक कोठड्या होत्या. आज सातांपैकी तीनच चाळी उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाला.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यापूर्वीच येथे कोंडलेले होते. परंतु एकाच भिंतीआड असूनही दोघा भावांची बराच काळ भेट होऊ दिली गेली नाही. १९२१ साली दोघांना हिंदुस्थानातील तुरुंगांत परत आणले गेले. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे. जिने चढणे वृद्धांस जड जाते, म्हणून सासूबाईंनी खालीच बसावे असे यजमानांनी सुचविले. त्यांनी ऐकले नाही. प्रत्येक वळणावर थांबत त्या वर गेल्या, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि काही क्षण आत उभ्या राहिल्या. खाली आल्यावर कोलूच्या पडवीत मात्र थोरल्या नातवाला त्यांनी जवळ बोलावले. खोबऱ्याचे तेल दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, काढून द्यावे लागे. ते भरले नाही तर शिक्षा होई. "आपण तेलीबागेत राहतो, रोज डोक्याला तेल लावतो," त्या त्याला म्हणाल्या, "पण एक वाटी तेलाला किती वेळ लागतो, हे तू आज पाहिलेस."

येथे लखनौकरांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंदमानचे नाव घेतले की महाराष्ट्राला सावरकर बंधू आठवतात, बंगालला आपले क्रांतिकारक आठवतात. परंतु या बेटांवर पहिले राजकीय बंदी आले ते १८५७ च्या युद्धातील. डॉक्टर वॉकर याच्या देखरेखीखाली दोनशे कैद्यांची पहिली तुकडी १० मार्च १८५८ रोजी येथे उतरली. त्याच महिन्यात इकडे इंग्रजांनी लखनौ पुन्हा जिंकून घेतले होते. लखनौच्या उत्तरेस सीतापूर जिल्ह्यात खैराबाद हे गाव आहे. तेथील अरबी-फारसीचे थोर पंडित मौलाना फज्ल-ए-हक खैराबादी यांना बंडाच्या आरोपावरून येथे पाठविण्यात आले. १८६१ साली त्यांनी येथेच देह ठेवला. पुढे १९३३ साली बंद्यांनी अन्नत्याग केला, तेव्हा सक्तीने अन्न घालण्याच्या प्रयत्नात ज्यांचे प्राण गेले, त्यांपैकी महावीरसिंह हेही उत्तर प्रदेशचेच सुपुत्र. तुरुंगाच्या भिंतीवर प्रांतवार नावे कोरलेली आहेत. आपल्या प्रांताचे आणि आपल्या भाषेचे नाव शोधावे. मग शेजारची नावेही वाचावीत. संध्याकाळी तेथे ध्वनी आणि प्रकाशाच्या साहाय्याने हा इतिहास सांगतात. मुलांना तो समजतो आणि वडीलधाऱ्यांना बसून पाहता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीने नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर जावे. धक्क्यावरून ते अगदी समोर दिसते. इंग्रज अधिकाऱ्यांची ही राजधानी होती. तेथे नाचघर, प्रार्थनामंदिर, पावभट्टी, पोहण्याचा तलाव असा सारा थाट होता. जून १९४१ च्या भूकंपाने तो मोडला. पाठोपाठ मार्च १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि १९४५ पर्यंत त्यांचा अंमल राहिला. त्या काळात स्थानिक लोकांवर फार अत्याचार झाले, हेही मुलांना सांगावे. एक परकी सत्ता गेली म्हणजे दुसरी कनवाळू असते असे नाही. आज तेथे पडक्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी मिठी मारलेली आहे आणि त्यांमधून हरणे निर्धास्त हिंडतात.

हे दोन दिवस झाले म्हणजे समुद्राकडे वळावे. स्वराज द्वीपास नावेने दोन-अडीच तास लागतात. सरकारी नावा स्वस्त, खाजगी अधिक सोयीच्या. दोन्हींची जागा आधी राखून ठेवावी. ज्यांना बोट लागते त्यांनी निघण्यापूर्वी हलका आहार घ्यावा, आले चघळावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. पुस्तक किंवा मोबाइल पाहत बसू नये. समुद्र खवळला तर नावा रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी राजधानीत येऊन राहणे शहाणपणाचे.

स्वराज द्वीपाच्या पश्चिम किनाऱ्यावर राधानगरची पुळण आहे. मागे उंच वृक्षांचे रान, पुढे पांढरी मऊ वाळू आणि तिच्यापुढे निळ्या रंगाच्या एकाहून एक छटा. सूर्यास्त पाहावयाचा तर लवकर जावे. ही बेटे बरीच पूर्वेकडे असून घड्याळ मात्र सर्व देशाचे एकच. त्यामुळे डिसेंबरात मुंबई-पुण्याकडे सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त येथे पाचलाच होतो. अर्थात उजाडतेही लवकर. पहाटे उठणाऱ्या कुटुंबाला बेट अधिक देते. पोहण्यासाठी रक्षक असतात तेवढ्याच भागात उतरावे. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर या बेटांभोवती आहे, तेव्हा सूचनाफलक शोभेसाठी लावलेले नाहीत, हे ध्यानात असू द्यावे.

पाण्याखालचे जग पाहण्याचे अनेक मार्ग आहेत. पोहता येणाऱ्या मुलांना तोंडावर काच आणि नळी लावून उथळ पाण्यात तरंगत पाहता येते. मोठ्यांना शिक्षकाबरोबर श्वसनयंत्र घेऊन खोल बुडी मारता येते. सासूबाईंसारख्यांसाठी तळाला काच बसविलेल्या नावा असतात. राजधानीजवळ वंडूर येथून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय आणि रेडस्किन या बेटांवर जाता येते. ती वर्षाच्या निरनिराळ्या काळात आळीपाळीने खुली ठेवतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. जॉली बॉयवर प्लास्टिक नेण्यास मनाई आहे आणि निघतानाच सामानाची तपासणी होते. धाकटीच्या खाऊच्या पिशव्या तेथे मागे राहिल्या. ती थोडी रुसली. पण किनाऱ्यावर एकही कागद वा पिशवी न दिसल्यावर तिचे तिलाच उमगले.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. अंगठीत घालतो ते पोवळे याच्याच दूरच्या नात्यातले. लक्षावधी इवलेसे जीव एकमेकांशेजारी राहून चुन्याची घरे बांधतात, त्यांचा हा गाव असतो. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, जिवाला पोसते आणि बहुतेक रंगही त्याच्यामुळेच येतो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. २०१० साली आणि पुन्हा २०१६ साली अंदमानच्या प्रवाळांवर हे संकट आले. भरीव जातीचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. म्हणजे हातभर उंचीचा गड्डा वाढण्यास कित्येक दशके लागलेली असतात. त्यावर क्षणभर पाय टेकला तरी त्याला इजा होते. म्हणून पाण्यात उभे राहावयाचे तर फक्त वाळूवर. थकवा आला तर आडवे तरंगावे, प्रवाळाचा आधार घेऊ नये.

पुढचा मुक्काम शहीद द्वीप. हे बेट लहान आणि हिरवेगार. भाजीपाला पिकविण्याबद्दल त्याची ख्याती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९४९ पासून या बेटांवर वसविण्यात आले. त्यांनी रान साफ करून शेते केली आणि आपल्या नव्या गावांना रामायणातील नावे दिली. रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर! लक्ष्मणाचे नाव आपल्या शहराच्या नावाशी जोडणाऱ्या लखनौकरांना आणि शेजारच्या सीतापूरकरांना हे ऐकून घरी आल्यासारखे वाटते. घरदार गमावलेल्या माणसांनी अनोळखी बेटाला ओळखीची नावे दिली, यात त्यांचे दुःख आहे आणि धीरही आहे. सीतापूरच्या पुळणीवर सूर्योदय पाहावा, लक्ष्मणपूरला सूर्यास्त.

लक्ष्मणपूरच्याच दुसऱ्या बाजूस समुद्राने कोरलेली खडकाची एक कमान आहे. बंगाली वस्तीने तिला कौतुकाने 'हावडा पूल' म्हटले. तेथे ओहोटीच्या वेळीच जाता येते. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे : तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. सासूबाईंनी बोटांवर हिशेब करून निघण्याची वेळ सांगितली. आम्ही पोहोचलो तेव्हा खडक अजून पाण्याखालीच होते. तेथील एका वृद्ध नावाड्याने हसून सांगितले की प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. रोज सुमारे पन्नास मिनिटांनी ती पुढे सरकते, एवढे मात्र सगळीकडे खरे. सासूबाई क्षणभर ओशाळल्या, मग म्हणाल्या, "खरं आहे बाबा. माझा समुद्र निराळा, तुझा निराळा. इथलं इथल्या माणसालाच विचारावं." आम्ही पुळणीवर बसून थांबलो आणि पाणी उतरल्यावर कमानीखाली गेलो. खडकांच्या डबक्यांत निळे मासे, तारामासे आणि समुद्रकाकड्या पाहावयास मिळाल्या.

तेथेच तो प्रसंग घडला. धाकटीने वाळूतून एक सुरेख शंख उचलून मुठीत दडविला. शेजारच्या मैत्रिणीला नेण्याचे तिने कबूल केले होते. अंदमानातून प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख उचलून नेणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात. मी रागावून काही बोलणार, तोच सासूबाईंनी मला खुणेने थांबविले. तिला म्हणाल्या, "मूठ उघड आणि तो वाळूवर ठेव. आता हलू नको, बोलू नको." आम्ही सारे स्तब्ध बसलो. थोड्या वेळाने शंखातून दोन बारीक मिशा बाहेर आल्या, मग पाय आले आणि तो शंख चालू लागला. आत एक खेकडा होता. या खेकड्याचा मागचा भाग मऊ असतो. त्याला स्वतःचे कवच नसते. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख हेच त्याचे घर. तो वाढला की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावर शंख उरले नाहीत तर त्याला घर मिळत नाही.

"म्हणजे रिकामासुद्धा न्यायचा नाही?" धाकटीने विचारले.

"रिकामा आपल्याला दिसतो, बाळ," आजी म्हणाल्या. "त्याला ते भाड्याचं घर आहे."

मैत्रिणीसाठी मग तिने त्या खेकड्याचे चित्र काढले.

आता जे आम्ही पाहिले नाही त्याविषयी. मध्य अंदमानात बाराटांग येथे चुनखडीच्या गुहा आहेत, तिवरांच्या दाट रानातून जाणारी खाडी आहे आणि चिखलाचा एक लहानसा ज्वालामुखीही आहे. सर्व सहलींच्या यादीत त्याचे नाव असते. परंतु तेथे जाणारा मोटारीचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जारवा लोक १९९० च्या दशकाअखेरीपर्यंत बाहेरच्या जगापासून दूर होते. आदिवासी संरक्षणाचे नियम येथे १९५६ पासून आहेत. त्या रस्त्याने मोटारी ताफ्याने सोडतात. वाटेत थांबणे, छायाचित्र घेणे, खाद्यपदार्थ देणे यांस सक्त मनाई आहे. तरीही काही प्रवाशांची नजर गुहांपेक्षा रस्त्याच्या कडेला अधिक असते, असे ऐकून होते. यजमानांची जाण्याची इच्छा होती. पैसेही बाजूला ठेवले होते. थोरल्याने विचारले, "आपण त्यांच्याकडे पाहायला जायचं, तर ते आपल्याकडे यायला कबूल आहेत का?" या प्रश्नानंतर आम्ही तो बेत सोडला. दुसऱ्या कोणी जाऊ नये असे मी म्हणत नाही. जाणाऱ्यांनी नियम काटेकोर पाळावेत. उत्तर सेंटिनेल बेटाच्या जवळ जाण्यास तर कायद्यानेच बंदी आहे. बाहेरचा साधा सर्दीपडशाचा रोगही या लोकांना प्राणघातक ठरू शकतो, ही त्या बंदीमागची सर्वांत साधी आणि सबळ बाब होय.

त्या वाचलेल्या दिवशी आम्ही राजधानीच्या दक्षिणेस चिडिया टापू येथे गेलो. तिवरांची मुळे तेथेही दिसतात, पक्षी पुष्कळ आणि सूर्यास्त सुंदर. वेळ असल्यास माऊंट हॅरिएट, म्हणजे आजचा माऊंट मणिपूर, हा डोंगरही पाहावा. १८९१ च्या युद्धातील मणिपुरी बंद्यांना तेथे ठेविले होते, म्हणून २०२१ साली त्याचे नाव बदलले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली या बंद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा वध केला. राजधानीतील मानववंशशास्त्रीय संग्रहालयात आदिवासींची घरे, होड्या आणि हत्यारे यांची ओळख होते. त्या माणसांना न त्रासविता त्यांच्याविषयी जाणून घेण्याचा हा चांगला मार्ग आहे.

गृहिणींसाठी चार शब्द. बेटावर पाऊस भरपूर पडला तरी उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई भासते. उपाहारगृहात राहतो म्हणून नळ सोडून ठेवू नये. धान्यापासून इंधनापर्यंत पुष्कळ वस्तू समुद्रापलीकडून येतात, त्यामुळे भाव थोडे चढे असतात. घासाघीस करताना हे लक्षात असावे. लहान बेटांवर रोख पैसे जवळ ठेवावेत आणि नेहमीची औषधे घरूनच न्यावीत. पुळणीवर बारीक माश्या चावतात, त्यासाठी अंगभर सुती कपडे आणि खोबरेल उपयोगी पडते. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि पाण्याची स्वतःची बाटली बरोबर असावी. जेवणाची अडचण नाही. भात-मासळी आणि बंगाली, तमिळ, उत्तर हिंदुस्थानी असे सर्व प्रकार मिळतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे तेथे आपसात हिंदी बोलतात, त्यामुळे उत्तरेकडील मुलांना परके वाटत नाही.

परतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सेल्युलर तुरुंगाच्या खालच्या रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. मुलांनी शहाळी मागितली. मी सासूबाईंकडे पाहिले. तो पहिल्या रात्रीचा प्रश्न आम्हा दोघींनाही आठवत होता. त्यांनी शहाळे हातात घेतले, थोडे पाणी जमिनीवर सोडले आणि मग ओठांना लावले. "त्यांनी हे पाणी आपल्या पोरांना सुखाने पिता यावं म्हणूनच सोसलं असेल," त्या म्हणाल्या. "फक्त पिताना त्यांची आठवण हवी."

तेलीबागेत परतलो तेव्हा धुके तसेच होते. आणलेल्या वस्तूंत एक पोस्टकार्डांचा संच, नारळाच्या करवंटीची एक वाटी आणि धाकटीने काढलेले खेकड्याचे चित्र, एवढेच होते. शेजारच्या भाभीजींनी, "इतक्या लांब जाऊन शंख नाही आणला?" असे विचारले. धाकटीने त्यांना सारी हकीकत सांगितली. पुढच्या हिवाळ्यात त्यांचे कुटुंब जाणार आहे. त्यांनी मजकडून यादी मागितली, तेव्हा मी ती क्रमवार लिहून दिली, आणि पहिल्या ओळीवर तुरुंगाचे नाव घातले.